उघड्या कानाची झोप

कवळी परत आली तेव्हा तो जेवणाचा डबा धूत होता. झाकणाच्या खाचेत अडकलेला कण काडीने काढण्यात अगदी गुंग होता, कारण असल्या बारीक कामात जीव रमवला की दुपारची पेंग जरा लांब राहते, हे त्याला अलीकडे उमगलं होतं. मागून प्लास्टरमास्तर म्हणाले, "घ्या. तुमची लेक माहेरी आली." लॅबमधून गेलेलं काम परत आलं की मास्तर असंच म्हणायचे. स्वतः मास्तर प्लास्टर कालवून साचे ओतायचे, त्यामुळे त्यांच्या लेकी कधी परत येत नसत; साच्याला कोण आरशात बघायला बसलंय? पण याच्या हातची कवळी परत यावी हे नवलच होतं. एकतीस वर्षं तो दात लावत होता. मेणाच्या हिरडीत एकेक दात उभा करायचा, केसभर मागे, केसभर पुढे, जबड्याच्या यंत्रात उघडझाप करून बघायची, आणि पाठवून द्यायचं. ज्याच्या तोंडात ते जायचं तो माणूस याला कधी दिसत नसे. राहत्या इमारतीतली मुलं त्याला कवळीकाका म्हणत, मोठी माणसंही तेच म्हणत, आणि आता पंचावन्नाव्या वर्षी त्यालाही आपण त्याच नावाने जन्माला आलो असं वाटू लागलं होतं.

कवळीच्या डबीसोबत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती. 'फोन करा.' त्याने हात पुसून फोन केला.

"काका, रागावू नका हं," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पेशंट बाईंनी आरशात बघितलं आणि म्हणाल्या, हे तोंड माझं नाही."

"चावा बसला नाही का?"

"चावा उत्तम बसलाय. हलत नाही, टोचत नाही. पण पुढचे दोन दात तुम्ही एकमेकांवर चढवलेत. डावा पुढे आणि उजवा त्याच्या आडोशाला. अहो, मी त्यांचा जुना फोटो पाठवला होता. मुख्याध्यापिका होत्या त्या, पट्टीने आखल्यासारखे सरळ दात. अजून मेणातच आहे म्हणून निभावलं, नाहीतर सगळं पुन्हा करावं लागलं असतं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "काका, तुम्ही झोपता ना नीट?"

"झोपतो की," तो म्हणाला. हे उत्तर त्याच्या तोंडात सात महिने तयारच बसलेलं होतं.

फोन ठेवून त्याने डबी उघडली. डबीत आई हसत होती. तसं म्हणाल तर गुलाबी मेण आणि त्यात रोवलेले चौदा दात, दुसरं काही नाही. पण डावा पुढे आणि उजवा लाजून त्याच्या मागे, ही ठेवण जगात एकाच तोंडात होती आणि ती त्याने स्वतःच्या हाताने नऊ वर्षांपूर्वी लावली होती. आईचे खरे दात असेच होते. ते पडले तेव्हा त्याने मोठ्या हौसेने तिला सरळसोट, सुरेख कवळी करून दिली होती, आणि तिने आरशात बघून ती काढून त्याच्या हातावर ठेवली होती. "हिला नेऊन दे जिची असेल तिला," ती म्हणाली होती. "मला माझे वाकडेच दे बाबा. साठ वर्षं त्यांच्यानिशी भांडले, आता सरळ दातांनी कुणाशी काय बोलू?" मग त्याने वाकडे लावून दिले. पण परवा, मुख्याध्यापिकाबाईंचा फोटो समोर टाचलेला असताना, दिव्याखाली, चष्मा लावून, आपण हे कधी केलं? त्याला काही म्हणता काही आठवेना. हातांनी त्याला न विचारताच केलं होतं. त्याला भीती वाटली. डोळे दगा देतात, गुडघे देतात, त्याचं काही नाही. पण हात फिरले तर तो कुठला कवळीकाका? आणि हात का फिरले ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सात महिन्यांत तो एक रात्र धड झोपला नव्हता. आता झोपायला हवं होतं. नाहीतर हे एवढं एक उरलेलं होतं, तेही जाणार होतं.

"भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात," मास्तर प्लास्टरचा वाडगा खरवडत म्हणाले. "खरी झोप आलेल्याला दगडाची उशी चालते. तुम्हाला झोप येतच नाही, मग मऊ गादी घेऊन काय करायचं? माझं ऐका. तळपायाला तेल चोळा. गरम दूध प्या. आणि बायकोशी भांडा."

"बायको कुठंय मास्तर?"

"तेच म्हणतोय. भांडण नाही, म्हणून थकवा नाही."

तो हसला. मास्तरांपुढे हसावंच लागे. पण तेल झालं होतं, दूध झालं होतं, उशी बदलून झाली होती, पलंगाची दिशा बदलून झाली होती. सल्ल्यांना काय तोटा? वाणी सांगे, शेजारी सांगे, न्हावी तर मानेला हात लावल्याबरोबर सांगू लागे. झोप येत नाही असं एकदा तोंडातून गेलं की ज्याला त्याला कंठ फुटतो, आणि प्रत्येक जण रात्री दहाला आडवा होऊन ढाराढूर झोपणारा असतो. म्हणून त्याने सांगणंच सोडलं होतं.

त्या संध्याकाळी मात्र घरी जाताना तो तळमजल्यावरच्या दवाखान्यात शिरला. तिथले डॉक्टर म्हातारे होते, आणि बोलताना मधूनच जांभई द्यायचे, ती बघून त्याला हेवा वाटला. त्यांनी नाडी बघितली, छाती ऐकली, चहा किती पिता, रात्री घड्याळ बघता का, दिवसा डुलक्या काढता का, सगळं विचारलं. "गोळी देईन," ते म्हणाले. "तिचं मला वावडं नाही. पण तुमची तब्येत ठणठणीत आहे, झोप यायची वाटही बुजलेली नाही. वाटेत कुणीतरी उभं आहे. महिनाभर माझं ऐकून बघा." आणि त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एकाखाली एक लिहून दिलं. दुपारनंतर चहा नाही. सकाळी उजेडात अर्धा तास चालायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठायचं. अंथरुणात पडून वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर कुढत पडायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्याशी बसायचं आणि झोप आली तरच परतायचं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. श्वास हळू आत, आणि त्याहून हळू बाहेर. शेवटी, खाली रेघ ओढून: संध्याकाळी दिवेलागणीला वही घेऊन दहा मिनिटं बसायचं, मनात जी काय काळजी असेल ती लिहून काढायची आणि वही मिटायची.

हुकमाचा ताबेदार माणूस तो. कारागिराला मोजमाप दिलं की बरं वाटतं. त्याने ते पान सेलोटेपने कपाटाच्या दारावर चिकटवलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागला. सकाळी चालायला जाऊ लागला. एवढ्या सकाळी रस्त्यावर इतकी माणसं असतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. पेपर टाकणारे, झाडूवाल्या, कुत्र्यांनी ओढत नेलेले पेन्शनर. त्यातल्या एका पेन्शनरशी मान हलवण्यापर्यंत ओळख झाली. दुपारचा चहा सोडला तेव्हा तीन दिवस डोकं असं ठणकलं की मास्तर म्हणाले, याच्यापेक्षा दारू सोडणं सोपं. पण गुण आला, नाही असं नाही. पहिल्या पंधरवड्यात झोप तासावरून तीन तासांवर आली. मुख्याध्यापिकाबाईंची कवळी त्याने दोन दिवस घालवून पुन्हा लावली, दर दाताला फोटोकडे बघून, शाळेतल्या पोरासारखी. ती गेली आणि परत आली नाही.

पण तीन तासांवर गाडी अडली. श्वासाचंच घ्या. डॉक्टर म्हणाले होते, श्वास सावकाश झाला की अंग सैल पडतं. ते खरंच होतं, अंग सैल पडायचं. छातीतली धडधड बसायची, कानातला रक्ताचा आवाज बसायचा, सगळं शांत शांत व्हायचं. आणि नेमकी ती शांतता झाली की त्याचा कान उठायचा. पलीकडच्या खोलीकडे जायचा. तिथे ऐकत उभा राहायचा. सहा वर्षं त्याला हीच सवय लागली होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून मधलं दार उघडं, आणि हा इकडे एक कान उघडा ठेवून झोपलेला. हाक मोठी नसायची. "अरे" एवढीच. कधी पाणी, कधी कूस बदलायची, कधी नुसतंच, आहेस ना? लोक म्हणत, कसं काय रे जमतं तुला, आणि तो म्हणे, त्यात काय, झोप झोपेच्या जागी आणि कान कानाच्या जागी. त्याला त्याचा थोडा तोराही होता, कशाला खोटं बोला. 'अरे'मधला 'अ' निघाला की याचे पाय जमिनीवर असत. सहा वर्षांत एकही हाक वाया गेली नव्हती. आता त्या खोलीत कपडे वाळत घालायची दोरी होती आणि एक घडी केलेली खाट, आणि तरी कान आपला रोज रात्री कामावर हजर. त्याला कुणी सांगणार, की बाबा, तुझी नोकरी संपली?

आणि ती एक रात्र. तिच्यापाशी आला की तो उठून मंद दिव्याशी बसे, कागदावर लिहिलं होतं तसं. त्या दिवशी सकाळी आई म्हणाली होती, "डाव्या बाजूला टोचतंय रे." त्याने कवळी काढून बोट फिरवून बघितलं, जरासा कंगोरा होता, पाच मिनिटांचं घासकाम. रुमालात बांधून लॅबमध्ये नेली. आणि नेमका त्याच दिवशी कामाचा असा रेटा आला की मान वर करायला सवड मिळाली नाही. संध्याकाळी घराची पायरी चढताना त्याला आठवलं की आईचे दात टेबलावर पाण्याच्या वाटीत राहिले. "उद्या नक्की आणतो," तो म्हणाला. दात नसले की आई तोंडावर हात धरून बोलायची, तेही फक्त याच्याशी. बाहेरच्या कुणाशी नाही, सख्ख्या लेकीशीसुद्धा नाही. दात नसताना ताईचा फोन आला तर ती हातानेच खूण करायची, सांग झोपलेय म्हणून. त्या रात्री तिने दुधात कुस्करलेला पाव खाल्ला आणि मान हलवली, चालेल. तो नऊला आडवा झाला. आणि झोपला. असा झोपला की सहा वर्षांचं साचलेलं सगळं एकदम अंगावर आलं. पावणेसातला जाग आली तेव्हा खिडकीत लख्ख ऊन होतं, आणि त्याला इतकं बरं वाटत होतं, इतकं हलकं! त्याने कडकडून आळस दिला. काय झोप लागली, वा, असं मोठ्याने म्हणाला. चहाचं आधण ठेवलं, शीळ घातली. शीळ घालतच तो तिच्या खोलीत गेला.

तो आळस आणि ती शीळ. आई गेली याचं दुःख होतं, ते असणारच; ब्याऐंशीची होती, डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं होतं, ते दुःख माणूस पचवतो. पण तिने हाक मारली असेल का? मारली असेल तर किती वेळा? हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं आणि तेच गेलं होतं. त्याने त्या सकाळी कुणालाही कळवण्याआधी जे केलं तेही कुणाला ठाऊक नव्हतं. दार ओढून घेऊन तो लॅबकडे पळत सुटला, कुलूप उघडलं, वाटीतून कवळी काढली. तशीच घेऊन निघणार, तर बोटाला तो डावीकडचा कंगोरा लागला. आणि तो बसला. मोटर चालू केली आणि तो कंगोरा घासला. घासून पॉलिश केला, जिभेने चाचपून बघितला, पुन्हा जरासा घासला. आता कुणाला टोचणार होतं? पण टोचणारी कवळी त्याच्याच्याने तिच्या तोंडात घालवली नसती. घरी येऊन त्याने ती घातली, हनुवटी धरून चावा नीट बसवला, आणि मगच ताईला फोन केला. ताई दुपारी पोचली. सहा तासांचा प्रवास करून. "किती शांत दिसतेय," ती म्हणाली. "दात घालूनच झोपली होती वाटतं?" आणि तो म्हणाला, "हो."

वहीचं काम तो इमानेइतबारे करी. रोज साडेसहाला टेबलाशी बसून तो काळज्या लिहून काढायचा, नंबर घालून. नळाचा वायसर गेला आहे. गुलाबी मेणाचा नवा माल चिकट आहे. बसचालकाच्या कवळीचा मागचा दात किंचित उंच वाटतो. जिन्यातला दिवा. मास्तरांना खोकला. महिना झाला तेव्हा तो वही घेऊन डॉक्टरांकडे गेला, थोडा अभिमानानेच, कारण अक्षर चांगलं होतं. डॉक्टरांनी सगळी पानं चाळली. चष्मा काढला.

"छान. सगळं खरं आहे," ते म्हणाले. "पण यातल्या एकाही गोष्टीने माणूस जागा राहत नाही हो. वायसरसाठी कुणी आठ महिने जागतं का?"

त्याने हात पुढे करून वही परत घेतली.

"जे लिहायचं टाळताय ते लिहा. आणि लिहवतच नसेल, तर कुणालातरी सांगा. आहे कुणी?"

"बहीण आहे," तो म्हणाला. आणि म्हणताना त्याच्या ध्यानात आलं की आपली माणसं दोन हातांच्या बोटांवर मोजायला घेतली असती तर एकच बोट लागलं असतं.

घरी येऊन त्याने वही उघडली. पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं. शेवटी एका दमात लिहिलं: तिने हाक मारली असेल का? चारपाच शब्द, पण पानावर असे बसले की बाकीच्या पानाला ओळीच उरल्या नाहीत. वही मिटायची असते, ती त्याने मिटली. त्या रात्री तो तीन तासही झोपला नाही. डॉक्टरांच्या नावाने त्याने बोटं मोडली, उठून मंद दिव्याशी बसला, परत गेला, परत उठला. पहाटे चालायला मात्र गेला. पेन्शनरने मान हलवली, याने हलवली. हे एवढं बोलणं त्या दिवशी त्याला पुष्कळ वाटलं.

रविवारी संध्याकाळी ताईचा फोन यायचा. आई होती तेव्हा आईसाठी यायचा; आता याच्यासाठी येतो असं म्हणायचं, पण दोघंही अजून फोन आईला द्यायचा असल्यासारखंच बोलत. गुडघे कसे आहेत, थंडी आहे का तिकडे, जेवलास का. ताई बासष्टची, याच्याहून सात वर्षांनी मोठी, नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात. ती याला अजून छोट्या म्हणायची. "मग छोट्या, झोप वगैरे?" तिने नेहमीसारखं विचारलं. उत्तर तयार होतं, झोपतो की. त्याने तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर पडलं.

"ताई, त्या रात्री मला झोप लागली होती. गाढ. आईने हाक मारली असेल तर मला ऐकू आली नसेल."

 तो थांबला. आता बोललाच होता तर पुढे बोलला. "मी सकाळी शीळ घालत गेलो तिच्या खोलीत. शीळ घालत, ताई."

"मी... मी तुला थोड्या वेळाने करते," ताई म्हणाली आणि फोन बंद झाला.

तो तसाच खुर्चीत बसून राहिला. झालं. सांगितलं आणि गमावलं. तिची आई होती ती, आणि तिला भावाने येऊन सांगावं की तू सहा तासांवर होतीस आणि मी सहा पावलांवर, आणि मी घोरत होतो! आता ती रविवारी फोन करील, गुडघ्यांचं बोलेल, पण छोट्या म्हणताना तिची जीभ जराशी अडेल, आणि ते त्याला ऐकू येईल. ऐकण्यात तर तो तरबेज होता. त्याला एकदम इतकं एकटं वाटलं की तो उठून सगळ्या घरभर फिरून आला. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, फिरायला कितीसा वेळ लागणार? बाहेर अजून उजेड होता, समोरच्या गच्चीवर कुणीतरी गालिचा झटकत होतं. दहा मिनिटं झाली असतील नसतील, फोन वाजला.

"छोट्या, ऐक," ताई म्हणाली. तिचा श्वास लागलेला होता. "तुला एक सांगायचं राहूनच गेलं होतं बघ. त्या गडबडीत माझ्या डोक्यातूनच गेलं. त्या रात्री आईचा मला फोन आला होता."

त्याने खुर्चीचा दांडा धरला. "कधी?"

"अकरा... सव्वाअकरा असतील. मी नुकतीच दिवा मालवत होते. म्हणाली, पोरगा आज गाढ झोपलाय, घोरतोय बघ, किती दिवसांनी. मी म्हटलं, तुला काही हवंय का, त्याला उठव. तर म्हणाली, मला काही नको, मी मजेत आहे. दमलाय तो, झोपू दे त्याला. हेच सांगायला केला म्हणाली. मी त्याला हाक मारायची नाही आज."

"आवाज कसा होता?" त्याने विचारलं. का विचारलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. काम हातात आलं की जोड हलवून बघायची खोड, दुसरं काय.

"अगदी स्पष्ट," ताई म्हणाली. "ठणठणीत. शेजारी बसून बोलावं तसा."

दात त्या रात्री लॅबमध्ये होते. पाण्याच्या वाटीत. दात नसताना आईने कुणाला फोन केला नसता, जीव जात असता तरी केला नसता, आणि केला असता तर शब्द स्पष्ट आले नसते. हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. एक वाक्य बोलायची खोटी, की ताईचं हे सगळं घर पत्त्यांसारखं खाली आलं असतं. लहानपणीही तिला खोटं बोलता यायचं नाही. साखर खाल्ली की ती साखर कुणी खाल्ली, कधी खाल्ली, त्याने कुठला शर्ट घातला होता, सगळं सांगत बसायची आणि मार खायची. सव्वाअकरा म्हणे. दिवा मालवत होते म्हणे. बासष्टची बाई, दुखऱ्या गुडघ्यांनी आपल्या रिकाम्या स्वयंपाकघरात दहा मिनिटं येरझारा घालून त्याच्यासाठी हे रचून आली होती. त्याचे डोळे भरून आले. आठ महिने हाक आली की नाही याच्यासाठी तो कान लावून बसला होता, आणि ते कधीच कळणार नव्हतं, आजही कळलं नव्हतं. पण कुणीतरी त्याच्यासाठी खोटं बोललं होतं. किती वाईट खोटं, आणि किती जीव लावून!

"मग तू काय म्हणालीस तिला?" त्याने विचारलं.

याची तयारी ताईने केलेली नव्हती.  बोलली तेव्हा तिचा आवाज निराळाच होता, हळू, तिने तो कुठूनतरी खूप आतून आणला होता.

"मी म्हटलं, बरं आई. मग तूही झोप आता. आम्ही दोघं आहोत ना एकमेकांना. तू काळजी नको करूस."

हे मात्र रचलेलं नव्हतं. हे तिने त्या दहा मिनिटांत जुळवलेलं नव्हतं, हे तिच्यापाशी आठ महिने होतं, आणि सांगायला माणूस नव्हतं. त्याला ते इतकं स्वच्छ ऐकू आलं की तो ताठ बसला. आपण एकटेच जागे आहोत असं आपण कशावरून धरून चाललो? ही दर रविवारी विचारायची, झोप वगैरे. आपण एकदा तरी विचारलं?

"बरं झालं सांगितलंस, ताई," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुला झोप लागते का गं?"

"मला?" ती हसायला गेली, ते जमलं नाही. "नाही रे. कसली झोप? तीन-साडेतीनला जी उठून बसते ती बसते. खिडकीशी बसून दूधवाल्याची वाट बघते."

"म्हणजे निदान अंथरुणात कुढत पडत नाहीस, हे बरोबर आहे तुझं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कारागीर आला. "पण सकाळी परत आडवी होतेस ना? ते नाही करायचं. रात्र कशीही जाऊ दे, उठायची वेळ एकच. आणि घड्याळ बघत असशील."

"बघते की. दर पंधरा मिनिटांनी."

"भिंतीकडे तोंड करून ठेव त्याचं. संध्याकाळचा चहा बंद. सकाळी उन्हात चालायचं. गुडघे दुखतात तर हळू चाल, पण जा. माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे डॉक्टरांनी, एकेक सांगतो. थोडं खरं आहे त्यात, खोटं नाही."

"अरे थांब, थांब, एवढं माझ्या लक्षात कुठलं राहायला? लिहून घेते. फोन ठेवू नकोस हं. पेन आणते."

"आण. मी आहे इथे."

ताईने फोन टेबलावर ठेवल्याचा टक्कन आवाज आला. तो कानाला लावून बसला. दूरवरच्या त्या घरात तिची पावलं पलीकडे गेली, एक पाय जरा ओढत. खण उघडला. चमच्यांचा आवाज, म्हणजे चुकीचा खण. दुसरा उघडला. ती स्वतःशी काहीतरी पुटपुटली, चष्मा कुठे ठेवला मेला. एक दार करकरलं. नळ टपटपत होता तिचा, तिचाही वायसर गेलेला दिसतो, सांगायला हवं. सात वाजायचे होते. दिवा लावायचा राहिला होता, जेवण व्हायचं होतं, पायात अजून चपला होत्या, आणि खुर्चीत झोपणं तर डॉक्टरांच्या कागदात कुठेच बसत नव्हतं. ताई कागद शोधत होती. मिळाला वाटतं. पावलं परत येऊ लागली, सावकाश, एक पाय ओढत, आणि तो ती ऐकत होता, ऐकत होता, आणि मग ऐकत नव्हता.

"हं, सांग," ताई म्हणाली. मग तिने हाक मारली, "छोट्या?" थांबली. पुन्हा एकदा मारली. त्याला ती ऐकू आली नाही; तिला त्याचं घोरणं ऐकू आलं. तिसऱ्यांदा ताईने हाक मारली नाही.